डाक आवृत्तीचं खेळाचं पान: विदर्भातल्या गावात काय पोचतं

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी, दारव्हा घ्या, मेहकर घ्या, साकोली घ्या, सकाळी बसस्टँडच्या टपरीवर पेपर आला की त्याची पानं सुटी होतात. पहिलं पान म्हाताऱ्या माणसांकडे, तालुक्याचं पान पुढाऱ्यांकडे आणि खेळाचं पान पोट्ट्यांकडे. चहाचे डाग पडलेलं, चार ठिकाणी दुमडलेलं हे पान दुपारपर्यंत कितीतरी हातांतून जातं. कोण आपला, कोण वशिल्याचा, कोण संपला, याचा गावातला निकाल बहुतेक वेळा याच पानावरून लागतो. चार पैशांच्या वस्तूचा एवढा जोर असेल, तर ती वस्तू खणखणीत वाजवून घ्यायला हवी.

हे परीक्षण कुठल्या एका पेपरचं नाही. मराठी दैनिकांच्या जिल्हा आणि डाक (म्हणजे दूरच्या गावांसाठी लवकर छापून पाठवलेल्या) आवृत्त्यांतलं खेळाचं पान, त्याच्या जोडीला मोबाइलवरच्या रील आणि तालुक्याची बातमी-पोर्टलं, असा जो माल गावातल्या वाचकाच्या हाती पडतो, त्याचं आहे. मोजायचं एवढंच, की हा माल खेळाडूचा खेळ सांगतो का.

पहिली तपासणी आवृत्तीची. पानाच्या माथ्यावर, तारखेच्या शेजारी, बारीक अक्षरात आवृत्तीचं नाव असतं. छपाई नागपूर, अमरावती, अकोला अशा शहरांत होते. तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या तालुक्याला गठ्ठे पहाटे पोचवायचे तर गाडी लवकर निघायला हवी, आणि त्यासाठी पान त्याच्याही आधी छपाईला सुटायला हवं. म्हणून साधारण रात्री साडेनऊ-दहानंतर घडलेलं डाक आवृत्तीत येत नाही. शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर सुटते, तिच्यात सगळं असतं. डाकेच्या पानावर मात्र ते ओळखीचं वाक्य येतं: वृत्त लिहीपर्यंत अमुक संघाने इतक्या षटकांत इतक्या धावा केल्या होत्या.

आयपीएलचा सामना संध्याकाळी साडेसातला सुरू होतो. डाकेचं पान सुटतं तेव्हा पहिला डाव नुकताच संपलेला असतो. म्हणजे पहिल्या डावात चमकलेला खेळाडू गावात छापील अक्षरात पोचतो, दुसऱ्या डावात सामना काढणारा पोचत नाही. दुसऱ्या दिवशी पानाला नवा सामना असतो, कालचा मागे पडतो. अमरावतीच्या जितेश शर्माचं बघा. २७ मे २०२५ ला लखनौमध्ये त्याने बंगळुरूसाठी ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, समोर २२८ चं लक्ष्य होतं आणि संघाचं नेतृत्वही त्या दिवशी त्याच्याकडेच होतं. लक्ष्य १८.४ षटकांत गाठलं तेव्हा रात्र बरीच झालेली होती. अमरावती जिल्ह्याचा पोरगा, आणि त्याच्याच जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे-दर्यापूरकडच्या डाकेच्या पानाच्या वेळेत तो डाव बसतच नव्हता. शेवटच्या पाच षटकांत फलंदाजी किंवा गोलंदाजी करणाऱ्या प्रत्येक खेळाडूवर हा अन्याय हंगामभर होत राहतो. यात कुणाचा कट नाही, गाडीच्या वेळेचा हा हिशोब आहे. पण गावातल्या मतावर त्याचा परिणाम होतोच.

उपाय आहे, आणि काही पेपरांचे डेस्क, म्हणजे पान लावणारी संपादकीय मंडळी, तो करतातही: डाकेसाठी दुसऱ्या दिवशी 'कालच्या सामन्यातून' असा तीनशे शब्दांचा मजकूर, ज्यात शेवटच्या पाच षटकांचा चेंडूनिहाय सारांश असतो. ज्या पेपरमध्ये हा मजकूर नियमित येतो, तो तालुक्याच्या वाचनालयाने घ्यावा. शिळी बातमी म्हणून त्याला नाक मुरडायचं कारण नाही. खेळ कळायला तोच मजकूर कामाचा.

रात्रीची ही पोकळी मोबाइल भरून काढतो. तीस सेकंदांच्या रीलमध्ये षटकार मावतो, सुटलेला झेल मावतो, दोन खेळाडूंची बाचाबाची मावते. त्याच लखनौच्या सामन्यात गोलंदाज दिग्वेश राठीने नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला जितेशला धावबाद करायचा प्रयत्न केला आणि लखनौचा कर्णधार ऋषभ पंतने अपील मागे घेतलं. त्यावर वाद घालायला रील पुरेशी आहे. २२८ चा पाठलाग करताना कुठल्या षटकात कोणत्या गोलंदाजाला लक्ष्य केलं, हे समजायला ती पुरत नाही. सुटलेल्या झेलाचं तर फारच वाईट. ४ सप्टेंबर २०२२ ला आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगकडून एक झेल सुटला. त्याच सामन्यात शेवटचं षटक, हातात फक्त ७ धावा असताना, त्याच्याच हाती दिलं होतं आणि ते त्याने पाचव्या चेंडूपर्यंत नेलं. फिरत राहिला तो झेल, आणि त्यावरून त्याच्या देशनिष्ठेवर बोलण्यापर्यंत लोक गेले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच रात्रीच्या. कुठली कापून पाठवायची हे ठरवणारा माणूस आपलं मत ठरवत असतो.

आता पानाच्या सगळ्यात लाडक्या मालाकडे येऊ: गरिबीची गोष्ट.

सावनेर तालुक्यात खापरखेड्याजवळ वलनीची कोळसा खाण आहे. उमेश यादव त्या वसाहतीत वाढला, वडील खाणीत कामाला. ही गोष्ट खरी आहे, अभिमानाची आहे, सांगायलाच हवी. पण २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केलं आणि पुढे ५७ कसोटींत १७० बळी घेतले, तरी त्याच्याबद्दलच्या मजकुरात खाणच पहिल्या ओळीत राहिली. जुना चेंडू तो कसा वळवायचा, टप्पा किती पुढे टाकायचा, मायदेशातल्या कोरड्या खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाला शंभरावर कसोटी बळी मिळवणं किती अवघड असतं आणि ते करणारे भारतीय किती थोडे, हे पान क्वचित सांगतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर भारतातली पहिली दिवस-रात्र कसोटी झाली, तेव्हा बांगलादेशविरुद्ध त्याने सामन्यात ८ बळी घेतले. टपरीवर विचारलं तर उत्तर मिळतं, "तो खाणीतला पोट्टा ना? धावा लय देते बाप्पा." धावा दिलेल्या दिसतात त्या आयपीएलच्या रात्री, कारण तोच खेळ सगळे बघतात. कसोटीचं काम दुपारी होतं, शेतात माणसं असताना.

अशा गोष्टीत एक खोट असते आणि ती उशिरा कळते. खेळाडूचं यश कष्टाच्या खात्यावर मांडलं, की त्याचं अपयश आपोआप माजाच्या खात्यावर जातं. खांदा दुखावला असेल, लय बिघडली असेल, टप्पा एक हात मागे पडत असेल. वाचकाला यातलं काहीच कधी सांगितलेलं नसतं, म्हणून त्याच्या हाती एकच स्पष्टीकरण उरतं: "पैसा आला अन् बॉलिंग गेली."

गावातल्या पोरांचं नुकसान याहून थेट आहे. आपल्याकडे चषकाच्या स्पर्धा टेनिस बॉलवर होतात. टेनिस बॉलचं वजन साधारण ५६ ते ५९ ग्रॅम; काही ठिकाणी जड टेनिस बॉल वापरतात तो त्याहून जास्त. लेदरचा चेंडू नियमाने १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, आणि त्याला शिवण असते. टेनिस बॉल हाताच्या झटक्याने वेगात जातो. लेदरला मनगट शिवणीच्या मागे सरळ लागतं आणि खांद्यावरचा भार वाढतो. उमेश लेदरच्या चेंडूकडे बराच उशिरा, विशीच्या आसपास वळला, आणि त्याच्या बाबतीत ते जमलं. पानावर एवढंच येतं की टेनिस बॉल खेळणारा पोरगा भारताकडून खेळला. त्याच्या शेजारी चौकटीत चेंडूचं वजन, शिवण धरायची रीत आणि आठवड्याला किती चेंडू टाकायचे हे छापलं, तर आर्णी-घाटंजीच्या पोराला त्याचा उपयोग होईल. प्रेरणा त्याला आधीच भरपूर मिळालेली आहे.

मुलींच्या बातम्यांत पान कुठे घसरतं हे पाहायला नागपूरच्या दिव्या देशमुखहून चांगलं उदाहरण नाही. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेनंतर तिने स्वतः जाहीरपणे लिहिलं, की प्रेक्षक तिच्या खेळाऐवजी केस, कपडे आणि बोलण्याची ढब यांवर बोलत होते. अठरा वर्षांची मुलगी हे सांगते तेव्हा डेस्कवरच्या प्रत्येकाने ते कापून टेबलावर चिकटवायला हवं. पुढे २८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत तिने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हम्पीविरुद्ध पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांच्या टायब्रेकमध्ये तिने १.५-०.५ अशी बाजी मारली, आणि त्या विजयासरशी थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. बातमी वाचताना शोधायचं ते हे: टायब्रेक का झाला, ग्रँडमास्टरचे नॉर्म (किताबासाठी एरवी स्पर्धांत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) न करता किताब कसा मिळाला, शेवटच्या डावात हम्पीची चूक नेमकी कुठे झाली. डावातल्या त्या क्षणाचा पट, सोंगट्या कुठे होत्या ते दाखवणारा, छापला असेल तर उत्तमच. बुद्धिबळाच्या बातमीत दोन कॉलमचा पट आईच्या मिठीच्या चार कॉलमच्या फोटोपेक्षा जास्त सांगतो. मिठीचा फोटो छापू नये असं नाही. पण पट नसेल, तर शाळेत बुद्धिबळ शिकवणाऱ्या मास्तरांच्या हाती त्या दिवशी काहीच पडलं नाही.

नागपूरच्याच मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला २१-१७, २१-९ असं हरवलं. अशा बातमीचा मथळा हरणाऱ्या मोठ्या नावाने द्यायचा मोह डेस्कला होतो. मथळ्यातला कर्ता कोण, एवढं एक बघायची सवय लावली तरी पानाचा अर्धा कस कळतो.

तिरंदाजीत पान सगळ्यात कमी पडतं, आणि हाच खेळ आज विदर्भाचा अभिमान आहे. ओजस देवतळे नागपूरचा, प्रथमेश जावकर बुलढाण्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला ओजस कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला. अंतिम लढतीत त्याचे गुण होते १५० पैकी १५०. याचा अर्थ असा: ५० मीटरवरचं लक्ष्य, त्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे चहाच्या बशीहून लहान, आणि तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्यांत पंधराच्या पंधरा बाण त्या वर्तुळात. समोरच्याने १४९ केले आणि तो हरला. 'ओजसचा सुवर्णवेध' या मथळ्याखाली ही चार वाक्यं नसतील, तर वाचकाला त्या सुवर्णाचं वजन कळत नाही. प्रथमेशने त्याच वर्षी मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या माइक श्लोसरला अंतिम लढतीत हरवलं. ज्याला हरवलं तो कोण, हे न सांगता ही बातमी छापली तर तिच्यात उरतं काय?

दुसरी बाजू आणखी महत्त्वाची. कंपाउंड धनुष्याला टोकांशी कप्पी असते, सोडायला हातातलं ट्रिगर असतं. रिकर्व्ह धनुष्याला यातलं काही नसतं. पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजी होती ती फक्त रिकर्व्हची. जगज्जेता ओजस तिथे का नव्हता, असा प्रश्न गावात पडणं साहजिक आहे, आणि त्याचं उत्तर एका ओळीचं आहे: त्याचा प्रकारच ऑलिम्पिकमध्ये नव्हता. २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा ठेवली आहे. ही ओळ छापली नाही की लोक रिकाम्या जागी स्वतःचा अर्थ भरतात, आणि तो बहुधा खेळाडूच्या विरोधातला असतो.

नियम आधी सांगायचा की घटना घडल्यावर, यात पत्रकारितेचा कस लागतो. ६ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाटने पॅरिसमध्ये कुस्तीत जपानच्या गतविजेत्या युई सुसाकीला हरवलं, पुढे उपांत्य लढतही जिंकली. ती लढत आपल्याकडच्या घड्याळाने रात्री दहानंतरची, म्हणजे डाकेच्या बाहेरची. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरलं आणि ती बाद झाली. गावात सकाळी पेपर हाती, त्यात पदकाची आशा. दुपारी मोबाइलवर अपात्र. आणि मधल्या वेळात कट, घातपात, निष्काळजीपणा अशा सगळ्या कथा सुरू. दोन दिवसांच्या स्पर्धेत दोन्ही सकाळी वजन द्यावं लागतं, दुसऱ्या सकाळी जास्त भरलं तर आदल्या दिवशीच्या विजयांसकट सगळं जातं, हा नियम आखाड्यातल्या मल्लांना ठाऊक होता. तो ७ तारखेच्या सकाळच्या चौकटीत असता, तर दुपारची बातमी लोकांनी वेगळ्या कानाने ऐकली असती. परीक्षणात आम्ही याला सगळ्यात जास्त गुण देतो: उद्या काय चुकू शकतं हे जे पान आज सांगतं, ते पान खरं.

रणजीच्या बाबतीत मात्र डाक आवृत्तीला झुकतं माप द्यावं लागेल. चार-पाच दिवसांचा सामना संध्याकाळी पाचच्या आत थांबतो, सगळं पान सुटायच्या आधी. म्हणून विदर्भ संघाची खरी ओळख गावाला झाली ती रीलवरून झालेली नाही, पेपरवरून झाली. इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक, फैज फजलच्या नेतृत्वात आणि चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली पहिलं विजेतेपद, लगेच पुढच्या हंगामात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून दुसरं, त्यात आदित्य सरवटेचे सामन्यात ११ बळी. २ मार्च २०२५ ला नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरं. त्याच रविवारी दुबईत चॅम्पियन्स करंडकात भारत-न्यूझीलंड सामना होता, तो रात्री संपला. डाकेच्या पानासाठी ही सोन्यासारखी संधी होती: भारताचा सामना अर्धवट, विदर्भाचा पूर्ण. असा दिवस आला की दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघावं, मुख्य जागा कुणाला दिली. हर्ष दुबेचे हंगामात ६९ बळी, रणजीच्या इतिहासात एका हंगामातले सर्वाधिक. यश राठोडच्या ९६० धावा. दानिश मालेवारच्या अंतिम सामन्यात १५३ आणि ७३. ही पोरं रात्रीच्या रीलमध्ये दिसत नाहीत. त्यांची ओळख धावफलकात आहे, आणि धावफलक आता अनेक पानांवरून गेला किंवा डोळे फोडून वाचावा लागेल इतका बारीक झाला. ज्या पानावर गोलंदाजीच्या आकड्यांसकट पूर्ण धावफलक येतो, त्याला बाकीच्या दोन-तीन चुका माफ कराव्यात. षटकं, निर्धाव, धावा, बळी. या चार आकड्यांत कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त प्रामाणिकपणा असतो.

आता घराजवळ येऊ. तालुक्याच्या पानावरची खेळाची बातमी कशी असते? आधी तीन ओळींत उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी. मग 'मंचावर उपस्थित होते' आणि आणखी बारा नावं. त्यानंतर खेळाचं महत्त्व विशद केल्याचं एक वाक्य. मग प्रास्ताविक, संचालन, आभार. सगळ्यात शेवटी, एका ओळीत, मुलींच्या गटात अमुक शाळा विजयी. किती गुणांनी, कुणाविरुद्ध, कुणाच्या चढाईवर, काही नाही. सोबतच्या फोटोत पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे उभ्या कबड्डीच्या मुली, कडेच्या दोघी फोटो कापताना अर्ध्या गेलेल्या, आणि ओळीत नावं फक्त खुर्च्यांची. जिंकलेल्या मुलीचं नाव तिच्याच बातमीत नसेल, तर गावाने तिला खेळाडू म्हणून ओळखावं कसं?

याचं कारण एकदा समजून घेतलं तर बरंच दुरुस्त करता येतं. तालुका वार्ताहर बहुधा मानधनावर असतो, त्याच्याकडे पेपरची एजन्सीही असते, जाहिरातीचं उद्दिष्टही असतं. सामना बघायला तो थांबत नाही. आयोजक पाठवतील तो मजकूर पुढे जातो. आणि डेस्कवर जागा कमी पडली की बातमी खालून कापली जाते. खेळाडूंची नावं तळाला, म्हणून पहिली कात्री त्यांच्यावर. म्हणजे बातमी लिहून पाठवणाऱ्या क्रीडा शिक्षकाच्या हातात पुष्कळ आहे.

पहिल्या वाक्यात निकाल आणि गुण. कबड्डी असेल तर मध्यंतराचे आणि शेवटचे गुण दोन्ही, चढाईचे किती, पकडीचे किती, बोनस किती. खो-खो असेल तर संरक्षणाची वेळ मिनिट-सेकंदात आणि किती गडी बाद केले. लांब उडीला मीटर, धावण्याला सेकंद, कुस्तीला वजनगट. दुसऱ्या वाक्यात खेळाडूंची पूर्ण नावं, गुणपत्रिकेवर आहेत तशी. तिसऱ्यात पुढची फेरी कुठे आणि कधी. पाहुणे शेवटी, कापले गेले तर खेळाचं नुकसान नाही. मजकूर शंभर ते दीडशे शब्दांचा आणि टाइप केलेला, कारण हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला की तो पुन्हा टाइप होतो आणि नावं तिथेच चुकतात. संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं. फोटो आडवा, सामन्यातला, फार तर चार चेहरे. बक्षीस समारंभाचा फोटो वेगळा. नावं डावीकडून उजवीकडे. दिग्रस असो की देऊळगाव राजा, एवढं केलेली बातमी डेस्कवरचा माणूस सहसा जशीच्या तशी लावतो, कारण त्याचंही काम वाचतं.

पोर्टलांबद्दल थोडक्यात: तालुक्यातल्या स्पर्धेचं थेट प्रक्षेपण करणारी काही मंडळी खरोखर मोलाचं काम करतात, पूर्ण सामना उपलब्ध ठेवतात. काही मात्र पैसे घेऊन 'उगवता तारा' तयार करतात. पालकांनी दोन्हींतला फरक ओळखावा: पूर्ण सामना आहे की फक्त मुलाखत?

आणि एका बातमीपासून फार सावध राहायला हवं. 'आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड' किंवा 'राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण', खाली संस्थेचं लांबलचक नाव, आणि स्पर्धा शेजारच्या देशात किंवा दूरच्या शहरात. यातल्या काही स्पर्धा खासगी संस्थांच्या, प्रवेश शुल्क भरून सगळ्यांसाठी खुल्या असतात. वार्ताहर पडताळत नाही, गाव मिरवणूक काढतं, बाप सोयाबीनच्या पैशातून हजारो रुपये भरतो. सत्य कळतं ते नोकरीच्या वेळी. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र पडताळणीत टिकावं लागतं. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांनाही मान्य स्पर्धाच चालते. कात्रण कितीही मोठं असो, तिथे उपयोग शून्य. म्हणून बातमी वाचल्याबरोबर, पैसे भरायच्या आधी, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन दोन प्रश्न विचारावेत: ही संघटना मान्यताप्राप्त आहे का, आणि ही स्पर्धा आरक्षणाला व गुणांना धरतात का. जे पान 'निवड' छापताना हे दोन मुद्दे विचारून मगच छापतं, त्याचे तालुक्याने आभार मानावेत; आणि जे विचारत नाही त्याच्या संपादकाला पत्र लिहावं, सरळ, नाव-गाव देऊन.

घेण्याचा सल्ला असा: वाचनालयाने एकच पेपर घेण्यापेक्षा वेगवेगळ्या छपाई केंद्रांचे दोन घ्यावेत, त्यातला एक पूर्ण धावफलक छापणारा. शक्य असेल तिथे मोबाइलवर सामन्याचा निकाल मूळ ठिकाणी बघावा: क्रिकेटच्या देशांतर्गत सामन्यांचे धावफलक बीसीसीआयच्या संकेतस्थळावर, बुद्धिबळाचं मानांकन फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, तिरंदाजीचे गुण जागतिक तिरंदाजी संघटनेच्या. पेपरच्या बातमीशी ते ताडून बघायला पाच मिनिटं लागतात, आणि शाळेतल्या पोट्ट्यांना हे काम दिलं तर ते आवडीने करतात.

कात्रणाचं शेवटी सांगायचं राहिलं. गावात आलेली डाक किंवा तालुका आवृत्ती ई-पेपरवर मिळेलच असं नाही; पुष्कळदा तिथे शहर आवृत्तीच दिसते. तुमच्या मुलीची तालुक्याच्या पानावरची बातमी नंतर शोधून सापडणार नाही. म्हणून त्याच दिवशी पान बाजूला काढा, बातमी कापताना वरची तारखेची पट्टी सोबत ठेवा, कोऱ्या कडेवर पेपरचं नाव, आवृत्ती आणि पान क्रमांक बॉलपेनने लिहा, आणि लगेच झेरॉक्स काढा. वर्तमानपत्राचा कागद वर्षभरात पिवळा पडतो, घडीवर तुटतो. नाव घडीवर आलं असेल तर आधी तेच जातं.